पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच: डाग गेला, गाऊनपण गेला

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून अर्ध्या लिटरची बाटली आणली, यांच्या पांढऱ्या बनियनवर वरण सांडलेलं आणि साबण लावल्यावर हळदीचा डाग अजूनच लाल झाला. बादलीत आधी थंड पाणी, मग दोन झाकणं ब्लीच, नंतर बनियन बुडवला, दहा मिनिटांत डाग गायब!! पण वास भयंकर उग्र, खिडकी उघडी ठेवाच, हातमोजेपण घाला. झाकण तर अगदीच भिकार, ओतताना शिंतोडे उडून माझ्या मरून गाऊनवर नारिंगी ठिपके पडलेत (चांगला गाऊन घालून कपडे धुवायला बसले, माझंच चुकलं म्हणा). फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना वापरा, सिल्क, लोकर, लायक्राला अजिबात नको. आमच्या मावशी म्हणाल्या ताई थोडं टॉयलेट क्लीनरपण टाकू का, मी ओरडलेच, अहो मावशी यात सोडियम हायपोक्लोराइट असतं, अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन गॅस होतो, जिवावर बेतेल! बाटली उन्हात ठेवू नका, आमची मागची खिडकीत राहिली तर पार जोर गेला तिचा. ४ स्टार, एक झाकणाचा कापला.