खडेबाजारातलं पार्ट्सचं दुकान: ३४ रुपयांत काउंटर सुधारला

बेळगावच्या वडगावात आमचे चार माग आहेत. साडीचा पदर कुठं धरायचा ते नेमकं कळावं म्हणून मी एका मागाच्या शाफ्टला लोहचुंबक आणि तो ओळखणारा सेन्सर लावून एटीमेगा ३२८पी या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर फेऱ्यांचा काउंटर केला. ठरलेला आकडा आला की रिले, म्हणजे कॉइलवर चालणारा स्विच, ओढतो, घंटा वाजते. वाजायची, पण त्याच क्षणी आकडा शून्य! शेजारच्या मागाची मोटर चालू केली तरी तेच. मंगाईच्या जत्रेआधीची ऑर्डर, आणि बाबा परत खडूनं भिंतीवर रेघा ओढायला लागले. मला ते बघवेना.

चिपच गेली असणार असं धरून नवीन आणायला या दुकानात गेले. खडेबाजारातून आत वळलं की जिन्याखाली आहे, बोर्ड दिसत नाही. दुकानदार मामांनी चिप काढलीच नाही. "पोरी, आधी तुझं सर्किट दाखव की," म्हणाले. झिरो पीसीबी, म्हणजे माझा भोकांचा बोर्ड, उलटा करून पहिला प्रश्न, "१०४ कुठं हाय?"

मी सप्लायच्या टोकाला १००० मायक्रोफॅरडचा एक मोठा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा पार्ट, लावून निश्चिंत होते. चिपला करंट नॅनोसेकंदात लागतो. हातभर वायरीतून तो तेवढ्यात पोचत नाही, वायरीचं इंडक्टन्स, म्हणजे करंट झटकन बदलायला होणारा तिचा विरोध, आडवं येतं. म्हणून १०४, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, चिपच्या पायांना चिकटूनच हवा: ७ आणि ८ मध्ये एक, २० आणि २२ मध्ये दुसरा. कपॅसिटरचे पाय लांब ठेवले तर अर्धा उपयोग तिथंच गेला.

खरी चूक ग्राउंडमध्ये, म्हणजे मायनसच्या वायरिंगमध्ये होती. रिले, सेन्सर, चिप, सगळ्यांचा मायनस मी एकाच बारीक वायरीवर ओवला होता. रिलेचा करंट त्या वायरीतून गेला की चिपचं ग्राउंडच हलायचं. मामांनी कागदावर काढून दिलं: रिलेचा मायनस वेगळा, चिपचा वेगळा, दोन्ही सप्लायपाशीच एकत्र. रिले बंद होताना कॉइलमधून उलटा झटका येतो, म्हणून कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडं. तो मी लावलाच नव्हता! चिपच्या रीसेटच्या पायापासून प्लसला १० किलोओहमचा रेझिस्टर. सेन्सरची वायर तिच्या मायनसला पीळ घालून, मोटरच्या केबलपासून लांब.

मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरसाठी एक्स२ कपॅसिटर, म्हणजे मेन लाइनवर चालणारा खास प्रकार, मागितला, तो नव्हता. दुसरा चालेल का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, "मेनवर साधा लावायचा न्हाई, जळतोय." खपवायला साधा देता आला असता. दिला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

सामानाचे सगळे ३४ रुपये झाले. त्याला आता दीड महिना झाला. घंटा वाजते आणि आकडा जागेवर राहतो. परवा उरलेल्या तीन मागांचं सामानही तिथूनच आणलं. दुपारी दीड ते चार बंद असतं. गाडी बाहेर लावून चालत जा, आणि जाताना आपलं सर्किट घेऊन जा.