घरी येऊन शिरेतून अँटिबायोटिक देणारी सेवा: लिव्हरकडे लक्ष असलेली माणसं

बाबांच्या पायाच्या हाडात जंतुसंसर्ग झाला. जुना डायबेटिस, त्यात फॅटी लिव्हर. डॉक्टरांनी सेफ्ट्रायाक्सोन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, रोज २ ग्रॅम, सहा आठवडे. पहिले डोस हॉस्पिटलमध्येच झाले, दंडात पिक लाइन (शिरेत बरेच दिवस राहणारी बारीक नळी) घातली आणि पुढचं सगळं आम्ही कोथरूडमधल्या एका होम नर्सिंगवाल्यांकडून घरी करून घेतलं. इंजेक्शन द्यायला कुणीही मिळतं. ह्यांनी लिव्हर ज्या पद्धतीने सांभाळलं, त्यासाठी हे लिहितेय.

पहिल्या दिवशी सिस्टरनी औषधाला हात लावायच्या आधी एलएफटीचा, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मागितला. सुरुवातीचा आकडाच नसेल तर नंतर वाढलाय की नाही हे कळणार कसं, म्हणाल्या. मग घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या. जास्त झालं की लिव्हरला बाधणारं पॅरासिटामॉल दोन ठिकाणी निघालं, तापाच्या गोळीत आणि सर्दीच्याही. शिवाय आईने सुरू केलेला गुळवेलीचा काढा. तो त्यांनी डॉक्टरांना फोन लावून तेव्हाच बंद करवला. गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, पण फॅटी लिव्हरवाल्या माणसावर कशाला प्रयोग करायचा?

रोज आल्या की बाबांना खिडकीपाशी बसवून डोळ्यांचा पांढरा भाग बघायच्या. लघवी गडद होतेय का, अंगाला खाज आहे का, उजव्या बरगडीखाली दुखतंय का, सगळं विचारून वहीत लिहायच्या. डोसच्या आधी आणि नंतर लाइन नॉर्मल सलाइनने धुवायच्या. अशक्तपणासाठी सोबत आरएलची (रिंगर लॅक्टेट, सलाइनचाच एक प्रकार) बाटली लावा, असं शेजारच्या काकांनी सुचवलं तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, सेफ्ट्रायाक्सोनशी एकत्र आलं की त्याचा साका बनतो. पित्ताशयातही असंच होऊ शकतं, कारण ह्या औषधाचा बराच भाग पित्तावाटे बाहेर पडतो.

दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि एलएफटी. मधल्या एका रिपोर्टमध्ये एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम, ३६ वरून ९४ वर गेलं. रिपोर्ट आमच्या हातात पडायच्या आत ह्यांचा डॉक्टरांशी फोन झालेला होता. सोनोग्राफीत पित्ताशयात थोडा गाळ दिसला. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) नॉर्मल, दुखणं नाही, वाढ तिपटीच्या आत, म्हणून डॉक्टरांनी औषध चालू ठेवलं आणि चार दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा उतरला होता. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी केलेल्या सोनोग्राफीत गाळही नव्हता.

तक्रारी दोन. रविवारी रक्त घ्यायला माणूस मिळत नाही, आणि बदली सिस्टर आल्या त्या दिवशी वही न वाचताच डोस लावायला निघाल्या, मला थांबवावं लागलं. ऑफिसात सांगितल्यावर पुढच्या बदलीच्या वेळी आदल्या रात्रीच सगळी माहिती कळवलेली होती. एका भेटीचे ६०० रुपये, तपासण्यांचे वेगळे. ठरवताना दर विचाराल तेव्हाच एलएफटी कोण बघतं आणि वाढली तर डॉक्टरांना फोन कोण करतं, हेही विचारून घ्या.