सुमो: गाड्या चोख हलवतं, मालाचा हिशेब तुमचा तुम्ही ठेवा

सुमो हे जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेचं वाहतूक सिम्युलेशनचं, म्हणजे संगणकावर रस्ते आणि गाड्या चालवून बघण्याचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, सोर्सही खुला आहे. वाशीच्या एपीएमसीसारख्या बाजाराभोवतीची मालवाहतूक मांडायला ते चालतं, पण काही ठिकाणी गुपचूप फसवतं.

सुरुवात सोपी आहे. ओएसएम (ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा) वेब विझार्डमध्ये नकाशाचा तुकडा निवडायचा आणि उजवीकडच्या पट्टीत हव्या त्या वाहतुकीवर खूण करायची. मग आधी वेग तपासा. नकाशात वेगमर्यादा नोंदलेली नसेल तर मूळ टाइप फाइल (रस्त्याच्या प्रकारानुसार ठरावीक वेग देणारी) प्रायमरी, म्हणजे मुख्य रस्त्याला ताशी १०० किलोमीटर बहाल करते. शहरासाठी वेगळी फाइल मिळते, तीही जर्मन शहरांचीच! विझार्डने तयार केलेल्या रँडम गाड्या मालासाठी निरुपयोगी आहेत. भाजीचे ट्रक रात्री आत येणार, किरकोळवाल्यांचे टेम्पो पहाटे बाहेर पडणार, हे वेळापत्रक हातानेच लिहावं लागतं.

खरी गंमत गाळ्यापाशी आहे. ट्रकला नुसता थांबा दिला तर तो लेनमध्येच उभा राहतो आणि मागचा रस्ता तुंबतो. त्यासाठी पार्किंग एरिया करून त्याची क्षमता नेमकी भरा. समजा १२ जागा आहेत आणि माथाडींना एक गाडी खाली करायला २० मिनिटं लागतात, म्हणजे तासाला ३६ गाड्या सुटतात. आवक ४५ ची असेल तर दर तासाला ९ गाड्या बाहेर तुंबणार. सुमोचा ठरावीक ट्रक ७.१ मीटरचा, पुढचं अंतर २.५ मीटर, म्हणजे रांग ८६ मीटर. तेच ११ मीटरचे ट्रक धरले तर १२१.५ मीटर. गाडीची लांबी न बदलता काढलेला निष्कर्ष गेटबाहेरच्या चौकात हमखास चुकतो.

टेलिपोर्टपासून सांभाळा. ३०० सेकंद अडकलेली गाडी सुमो उचलून पुढे ठेवतं, त्यामुळे कोंडी असूनही आकडे गोड दिसतात. मर्यादा उणे १ केली की हे बंद होतं. मग सगळं ठप्प झालं तर जंक्शनची जोडणी चुकलेली नाही ना, ते बघा.

मालाच्या बाबतीत मात्र सुमो कच्चं आहे. कंटेनर आहेत, पण त्यात कांदा किती क्विंटल, गाळ्यात शिल्लक किती, दुकानदार पुन्हा मागणी कधी करणार, यातलं काहीच त्याला कळत नाही. साठ्याचा हिशेब पायथॉनमध्ये ठेवून ट्रासीने (चालू सुमोशी बाहेरून बोलायची सोय) जोडावा लागतो. दर सेकंदाला प्रत्येक गाडीची चौकशी केली तर रन, म्हणजे सिम्युलेशनची एक फेरी, रखडतो. गाडी थांब्यावर पोचली किंवा सुटली तेव्हाच साठा बदला, आणि शंभर रन काढायचे असतील तर लिबसुमो, म्हणजे ट्रासीचाच वेगवान पर्याय, वापरा. नुसती कोठारं आणि साठा तपासायचा असेल, तर रस्त्यांच्या भानगडीत न पडता सिमपाय ही पायथॉनची सिम्युलेशन लायब्ररी पुरे.