फोटो दुरुस्त करून देतो म्हणाले आणि भलतेच फोटो हातात दिले

उघडत नसलेल्या फोटो-फाइली कुणी दुरुस्त करून देतो म्हणालं आणि त्याच्या स्क्रीनवर तुमचे फोटो छोट्या चौकोनांत दिसले, तर लगेच पैसे काढू नका. ते छोटे चौकोन दिसले म्हणजे फोटो मिळाला असं अजिबात नसतं. आमच्याकडून चौदा हजार रुपये याच चौकोनांच्या जोरावर घेतले गेले. समोरचा माणूस ज्या सराईतपणे बोलत होता त्यावरून आम्ही त्याचं पहिलं गिऱ्हाईक नव्हतो हे नक्की. म्हणून सविस्तर लिहिते आहे. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रार दाखल केली आहे आणि तिचा निकाल लागायचा आहे. पुण्याच्या मध्यवर्ती पेठेतलं दुकान आहे, एवढं पुरे.

फोटो कसले होते ते सांगते, म्हणजे आम्ही एवढे पैसे का मोजले ते कळेल. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमच्या सासरचा वाडा नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर सासऱ्यांनी मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि गाळाने भरलेली गल्ली, चौकात वाळत घातलेलं सामान, घरातली माणसं, पुढे गोखलेनगरात राहायला गेलेले नातेवाईक असे बरेच फोटो काढले. त्याच्या प्रती चार घरांत विखुरल्या होत्या. पुतण्याने सगळ्यांकडून अल्बम मागून आणले, डीएसएलआर कॅमेरा स्टँडवर लावून एकेका फोटोचा फोटो घेतला आणि अल्बम ज्याचे त्याला परत केले. पुढे वाडा पुनर्विकासाला गेला. सामान टेंपोतून हलवताना त्यातला सगळ्यात मोठा अल्बम गहाळ झाला, तो आजतागायत सापडलेला नाही. त्या फोटोंची आमच्याकडे उरलेली प्रत एकच, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरची.

ती उघडायला गेलो तर फाइली उघडेनात. नावं जागच्या जागी, आकार आठ-दहा एमबी, तारीख बरोबर. पण क्लिक केलं की फाइल खराब आहे किंवा हा प्रकार चालत नाही असा संदेश. काहींमध्ये वरची पट्टी दिसायची आणि खाली सगळं राखाडी.

दुकानदाराने डिस्क लावली, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हेडर करप्ट झालंय. डिस्कचं हेडही वीक आहे. क्लीन रूममध्ये उघडावी लागेल." हेडर म्हणजे फाइलीचा सुरुवातीचा भाग, हेड म्हणजे डिस्क वाचणारा भाग आणि क्लीन रूम म्हणजे डिस्क उघडण्यासाठीची धूळ नसलेली खास खोली. तपासणीचे पंधराशे तिथेच घेतले. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो आला. त्यात छोट्या चौकोनांची रांगच्या रांग आणि प्रत्येक चौकोनात आमची माणसं, आमचा वाडा. खाली मजकूर: 'डेटा मिळाला आहे, उरलेलं पेमेंट केल्यावर देतो.' सासऱ्यांचे फोटो परत आले या आनंदात ह्यांनी त्याच संध्याकाळी साडेबारा हजार पाठवले. यूपीआयवर दुकानाचं नव्हे, कुणा व्यक्तीचं नाव येत होतं. बिल मागितलं तर "बिल हवं असेल तर अठरा टक्के वर लागतील" असं उत्तर मिळालं.

मिळालेल्या पेनड्राइव्हमधले फोटो उघडत होते. मोबाइलवर पाहिले तर बरेसुद्धा वाटले. खोट उघडी पडली ती आमच्या मोठ्या वन्संमुळे. पुराच्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या. टीव्हीवर फोटो लावले तशा त्या खुर्ची ओढून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही मी नव्हे. मला तेव्हा कानात डूल कुठले?" मग आम्ही सगळेच नीट बघायला लागलो. दोन वेण्यांना वर बांधलेल्या रिबिनींपैकी एक केसांत विरघळून गेली होती आणि दुसरीचा डूल झाला होता. मागे उभ्या असलेल्या सासूबाईंचं कुंकू आडवं असायचं, ते गोल टिकली होऊन बसलं होतं. त्यांच्या हातात पितळी स्टोव्ह होता, पुरातून वाचलेली ती एकच मोठी वस्तू म्हणून तो फोटो घरात प्रसिद्ध. त्या जागी नुसतीच एक चकचकीत डबी दिसत होती. आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवर शिरोरेषा होती, काना-मात्रा असल्यासारख्या रेघा होत्या, पण एकही अक्षर वाचता येत नव्हतं. ते अक्षर कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

माझी भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने डिस्कवरची मूळ फाइल आणि पेनड्राइव्हवरची फाइल शेजारी ठेवून जे समजावलं ते इथे देते, कारण सगळी गोम त्यात आहे.

कॅमेऱ्याने काढलेल्या जेपीईजी (फोटो साठवण्याचा नेहमीचा प्रकार) फाइलच्या अगदी सुरुवातीला एक्झिफ नावाची माहिती असते: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल. तिथेच फोटोची एक चिमुकली प्रत ठेवलेली असते, बहुतेक कॅमेऱ्यांत १६० बाय १२० पिक्सेलची. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पटापट फोटो दाखवायला ती उपयोगी पडते. आमचा मूळ फोटो ६००० बाय ४००० चा, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल. चिमुकल्या प्रतीत एकोणीस हजार दोनशे. डिस्कवर कॉपी होत असताना यूएसबीची वायर सैल असावी. फाइलीची नावं आणि आकार नोंदले गेले, पहिला थोडा भाग लिहिला गेला आणि पुढची सगळी जागा शून्यांनी भरलेली राहिली. पाकिटावर पत्ता नीट आहे, आत पत्र नाही, तसं. ज्या फाइलींत सुरुवातीचा भाग उतरला होता त्यांतली चिमुकली प्रत शाबूत होती. दुकानदाराने ती बाहेर काढली. हे काम फुकटच्या सॉफ्टवेअरने क्षणात होतं. मग एआयच्या ॲपमधून ती फुगवली. १६० पिक्सेलमध्ये दहा वर्षांच्या मुलीचा चेहरा जेमतेम दहा-बारा ठिपक्यांचा असतो. नाक, डोळे, डूल हे सगळं त्या ॲपने मनाने भरलं. पुरावाही त्यातच होता: डीएसएलआरचा फोटो तीनास दोन या मापाचा आणि चिमुकली प्रत चारास तीन, म्हणून तिच्यात वर-खाली काळ्या पट्ट्या असतात. बहुतेक फोटोंत त्याने त्या कापल्या होत्या, काहींत राहून गेल्या होत्या.

क्लीन रूम वगैरे तर काही झालंच नव्हतं. डिस्कच्या डबीवरचं सील जसंच्या तसं होतं. डिस्क धडधाकट होती, आजही आहे.

मला सर्वांत जास्त राग आला तो पैशांचा नाही. पहिल्या दिवशी पुतण्याने त्या माणसाला विचारलं होतं, की कॅमेऱ्याचं कार्ड आहे, पण फॉरमॅट केलेलं आहे, आणू का? तो म्हणाला, "फॉरमॅट केलं ना? मग विषय संपला. वापरून टाका." त्याचं ऐकून आम्ही कार्ड वापरून टाकलं असतं तर फोटो कायमचे गेले असते. असा सल्ला देणारा माणूस या धंद्यात बसला आहे याची मला अजूनही चीड येते. सुदैवाने पुतण्याने मोठं कार्ड विकत घेतलं होतं आणि जुनं कॅमेऱ्याच्या बॅगेत तसंच पडून होतं.

कॅमेऱ्यात कार्ड साधं फॉरमॅट केलं की सहसा फक्त कुठली फाइल कुठे आहे याची यादी पुसली जाते. फोटो कार्डावरच असतात, त्यांच्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. (लो लेव्हल फॉरमॅट असा वेगळा पर्याय काही कॅमेऱ्यांत असतो, त्याने मात्र खरंच पुसलं जातं.) भाचीने कार्डाच्या कडेची लॉकची कळ सरकवली, म्हणजे त्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही, आणि फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर लावलं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं, मुक्त आणि पूर्णपणे मोफत. ते यादीकडे बघतच नाही. कार्डावर जिथे जिथे जेपीईजीची सुरुवातीची खूण सापडते तिथून फाइल उचलतं. सापडलेलं सगळं लॅपटॉपवर उतरवायचं, त्याच कार्डावर नाही. संध्याकाळी लावलं आणि रात्रीची जेवणं आटोपेपर्यंत काम झालं. फाइलींची मूळ नावं गेली, नुसते आकडे आले, पण फोटो आले. थोडे सोडले तर सगळे. पाटीवर 'किराणा व भुसार' स्पष्ट वाचता येतं आणि अक्षरांच्या वरपर्यंत गाळाची रेघ दिसते. सासूबाईंच्या हातात स्टोव्ह आहे.

ज्यांच्या फाइली सेव्ह केल्यावर उघडत नाहीत त्यांनी दुकान गाठण्याआधी घरीच एक गोष्ट बघावी. फाइलीची दुसरी प्रत काढायची, मूळ फाइलीला हात लावायचा नाही, आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडायची. अगम्य चिन्हांचा ढीग दिसेल, त्याला घाबरू नका. अगदी पहिल्या ओळीत इंग्रजी अक्षरांत एक्झिफ (Exif) किंवा जेएफआयएफ (JFIF) दिसलं तर ती जेपीईजी आहे. पीएनजी दिसलं तर पीएनजी. सुरुवातीला आरआयएफएफ (RIFF) आणि लगेच वेबपी (WEBP) दिसलं तर वेबपी. एफटीवायपी आणि त्याला जोडून एचईआयसी दिसलं तर आयफोनचा फोटो आहे. पान कोरंच दिसलं, नुसत्या मोकळ्या जागा, तर आत शून्यं आहेत आणि त्या फाइलीतून जगातलं कुठलंही दुकान फोटो काढू शकत नाही. बघून झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करायचं. सेव्ह केलं तर चांगली फाइलसुद्धा बिघडते.

आतला प्रकार एक आणि नावाच्या शेवटी दुसरंच शेपूट, अशा तक्रारी फार असतात आणि त्यात फाइल बिघडलेलीच नसते. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो. ते जुन्या विंडोजवर उघडत नाहीत, म्हणून कुणीतरी नावाच्या शेवटी जेपीजी लिहून टाकतं. नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. वेबसाइटवरून उतरवलेल्या चित्रांचं वेबपीच्या बाबतीत हेच होतं. शेपूट मूळपदावर आणलं आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरचं एचईआयएफचं मोफत एक्स्टेन्शन घेतलं की काही संगणकांवर काम भागतं, काहींवर सोबत एचईव्हीसीचं एक्स्टेन्शनही लागतं. किंवा आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीईजीतच निघतात. अशा फाइलींनाही दुकानात 'करप्ट' म्हणतात आणि फाइलीमागे दीडशे-दोनशे लावतात.

दुकानात जावंच लागलं, आणि डिस्क खरंच खडखडत असेल तर जावंच लागतं, तर पैसे देण्याआधी समोर बसून फोटो उघडायला लावा. कुठले उघडायचे ते तुम्ही सांगा, त्याने निवडलेले नकोत. शंभर टक्के झूम करून बारीक अक्षरं, चेहरे, दागिने बघा. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये पिक्सेल किती आहेत ते वाचा, पण फुगवलेल्या फोटोचे पिक्सेलही भरपूर असतात, म्हणून शेवटी डोळ्यांवरच विसंबा. घरातलं जुनं माणूस सोबत असेल तर फारच उत्तम. डिस्क देताना तिच्या सीरियल नंबरासकट पावती घ्या. बिल नाही म्हणाला तर तिथूनच उठा.

आम्ही परत गेलो तेव्हा उत्तर होतं, "एवढंच निघतं मॅडम, एआय एन्हान्समेंट फ्री दिलंय." पैसे परत द्यायला साफ नकार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी तक्रार नोंदवली, त्यातून काही निष्पन्न झालं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं आम्ही छापून जोडलं आहे. सोबत 'ही मी नव्हे' असं मोठ्या वन्संचं प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी. फोनवरून कुणी स्क्रीन शेअर करायला लावून फाइली दुरुस्त करतो म्हणाला आणि खात्यातून पैसे गेले, तर मात्र १९१५ नाही, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावायचा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पेठेतल्या एखाद्या दुकानातून तुम्हालाही असे फुगवलेले फोटो मिळाले असतील तर तो पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका आणि चॅट पुसू नका, तक्रारीला तेच लागतं. आणि कॅमेऱ्याचं जुनं कार्ड घरात कुठे असेल तर ते आजच शोधून बाजूला काढून ठेवा.