आरशाखालचं रबर आणि साडेपाच हजारांचा चुना

ठाण्यात, त्यातही घोडबंदर पट्ट्यात, जुनी गाडी चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पावसात पायाखालची मॅट ओली झाली आणि गॅरेजवाल्याने साइड मिररच्या रबराकडे बोट दाखवलं, तर खिशात हात घालण्याआधी हे वाचा.

माझी गाडी 2004 सालची पेट्रोल हॅचबॅक. मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं. 2024 मध्ये आरसी दुसऱ्यांदा वाढवून घेताना पाच हजार फी आणि वर हरितकर भरला, तेव्हा घरात सगळ्यांनी ‘विकून टाका’ची टिमकी वाजवली होती. पण इंजिन ठणठणीत आहे आणि मला ती आवडते, विषय संपला.

या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या बाजूची मॅट भिजायला लागली. हायवेला वेग वाढला की डाव्या आरशाजवळून शिट्टीसारखा आवाजही यायचा. आरसा दाराला जिथे बसतो तिथे मध्ये रबराचं पॅकिंग असतं. ते दोन्ही बाजूंनी वाळून कडक झालेलं होतं, नखाने टोकरलं तर पापुद्रे निघत होते. म्हणजे रबर बदलायला झालं होतं, यात खोटं काही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी सुचवलेल्या गॅरेजमध्ये गाडी नेली. नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे आणि असली गॅरेजं एकच नसतात.

“काका, पॅकिंग पार मेलंय. सगळं पाणी इथूनच आत घुसतंय,” असं म्हणत त्या मालकाने गाडी धुवायचा प्रेशरचा पाइप उचलला आणि धार थेट आरशाच्या बुडाशी धरली. आत बघतो तर दाराखालून पाणी टपटपतंय. “बघा, तुमच्या डोळ्यांसमोर आहे.” असा जोर लावला तर शोरूममधून कालच निघालेली गाडीही कुठून ना कुठून गळेल. पण तो प्रयोग असा काही सफाईने केला जातो की समोरचा माणूस मान डोलावतो.

“कंपनीचं ओरिजिनल पॅकिंग मागवतो. जोडी 3,600. डोअर पॅड उघडायचं म्हणजे मजुरी 1,200, क्लिपा 400, सीलंट 350. गाडी रात्रभर ठेवा.” एकूण 5,550. बिल मागितल्यावर “पक्कं पाहिजे तर 18 टक्के वर लागतील” आणि हातात कच्ची पावती. तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता. यूपीआयचा क्यूआरही गॅरेजच्या नावाचा नव्हता, कुणा भलत्याच माणसाच्या खात्याचा होता.

पाण्याचं खरं गणित इथेच सांगतो, कारण फसवणूक त्याच्याच आडोशाने होते. गाडीच्या दारात पाणी जाणं हा बिघाड नव्हेच. काच जिथून वरखाली होते त्या फटीतून दर पावसात पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि दाराच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या मागे प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो, तो हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. भोकं चिखलाने बुजली किंवा तो कागद फाटला, सुटला, की मॅट भिजते. आरशाचं पॅकिंग गेलं तर पाणी वरून येतं. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात आतून जे त्रिकोणी झाकण असतं त्याच्याखाली ओघळ दिसतो. माझ्याकडे तिथे सगळं कोरडं होतं आणि भिजत होती ती मॅट. उन्हाळ्यातही मॅट भिजत असेल, तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलीय का ते आधी बघा.

गळती शोधायला प्रेशर पाइप लागतच नाही. एक मग घ्यायचा, पाणी अगदी हळू सोडायचं, तेही खालून सुरुवात करून वर जात, एका वेळी एकच जागा. आत कुणीतरी टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसलं की झालं.

गाडी परत मिळाली तेव्हा वरवर छान दिसत होती. नंतरच्या पहिल्याच मोठ्या पावसात मॅट आधीपेक्षा जास्त भिजली. आणि डाव्या आरशात काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. माजिवड्याच्या पुलाखाली डावीकडून घुसणाऱ्या बाइक त्यात दिसेनात, एकदम खिडकीशी आल्यावरच कळायचं. आपल्याकडे डावा आरसा बाहेरून फुगीर असतो. त्यात वस्तू लहान दिसतात, पण आवाका मोठा मिळतो. माझा आरसा जवळपास सपाट झाला होता. घरी खात्री करायची तर स्टीलची पट्टी काचेवर उभी धरा. फुगीर काचेवर पट्टी मध्येच टेकते आणि दोन्ही टोकांना फट दिसते. माझ्या काचेवर ती सपाट बसली.

मग वागळे इस्टेटजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. साठीचा माणूस, बोलणं कमी. त्याने आतलं त्रिकोणी झाकण काढलं, स्क्रू सोडले, आरसा हातात घेतला आणि नुसता हसला. कंपनीचं पॅकिंग सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं होतं! चपटी पट्टी, खाली दोन टोकं जोडलेली, वर व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन थापलेलं. या वासाच्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं. पत्र्याचा रंग जिथे खरवडलेला असेल तिथे त्याने गंज धरतो. खरं पॅकिंग साच्यातून एकसंध निघालेलं असतं, त्याला कुठे जोड नसतो, कडेला पातळ ओठ असतो आणि मागे बारीक खुंट्या असतात, त्या आरशाच्या बुडात अडकतात. बहुतेक वेळा ते ईपीडीएम रबराचं असतं. ऊन आणि ओझोन ते चांगलं सोसतं, पण खनिज तेल किंवा साधं ग्रीस लागलं की फुगतं. त्यामुळे कुणी ‘मऊ राहावं म्हणून’ ग्रीस चोळायला लागला तर थांबवा. सिलिकॉन ग्रीस चालतं.

पॅकिंगचं एवढं काही वाटलं नसतं. खरा घाव आरशांवर होता. माझे मूळ आरसे गेले होते आणि जागेवर डुप्लिकेट बसवले होते, दोन्ही. आरशाच्या मूळ प्लॅस्टिक खोक्याच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या प्रकाराची खूण साच्यातच उठलेली असते, यांना काहीच नव्हतं. रंग नवा मारलेला, फवारा आतल्या कडेपर्यंत गेलेला. बंद झालेल्या मॉडेलचा मूळ आरसा नवा मिळत नाही, म्हणून जुन्याला गिऱ्हाईक असतं. रात्रभर गाडी कशाला हवी होती ते तेव्हा उमगलं. वर पॅड उघडताना प्लॅस्टिकचा कागद टराटरा फाडून तसाच सोडला होता. मॅट जास्त का भिजली, तेही कळलं.

त्या मेकॅनिकने दाराची भोकं तारेने मोकळी केली, नवा कागद ब्युटिल टेपने चिकटवला, आरशाच्या बुडाचा छाप कागदावर घेऊन ईपीडीएम शीटमधून पॅकिंग कापलं. सगळं मिळून नऊशे रुपये. साच्यातल्या पॅकिंगइतकं देखणं नाही, पण पाणी बंद. त्याच्याकडून आणखी एक कळलं: माझ्या गाडीच्या पार्ट कॅटलॉगात हे पॅकिंग सुटं मिळतच नाही, ते अख्ख्या आरशाबरोबर येतं. म्हणजे 3,600 ची ‘ओरिजिनल जोडी’ मुळात अस्तित्वातच नव्हती. अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर चासी नंबर सांगितला की ही माहिती फुकट मिळते. पार्ट खरा असेल तर पाकिटावर पार्ट नंबर, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष असतंच. आणि काढलेला जुना पार्ट हातात मागायचा. चोराला तेवढंच नको असतं.

फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. आधी “काका, आरसे तुमचे असेच होते.” मग विमा कंपनीच्या तपासणीचे मागच्या वर्षीचे फोटो दाखवले, त्यात मूळ आरसे स्वच्छ दिसतात. त्यावर “पोऱ्याने केलं असेल, तो गावाला गेला.” हा पोऱ्या प्रत्येक गॅरेजात असतो आणि तो कायम गावालाच गेलेला असतो. शेवटी दोन हजार देतो म्हणाला, बदल्यात ‘तक्रार नाही’ अशी सही द्या. सही दिली नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. सोबत यूपीआयची नोंद, कच्ची पावती, आधीचे-नंतरचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अभिप्राय जोडला. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते, त्यामुळे ‘पक्कं बिल हवं तर जास्त पैसे’ हे त्याचं वाक्य त्याच्याच अंगाशी येऊ शकतं. इथे मिटलं नाही तर जिल्हा आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. डावा मूळ आरसा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधतोय. उजव्या बाजूचा एक सापडलाय, रंग वेगळा आहे, पण काच शाबूत आहे.