ह्युंदाई आयोनिक ५ एन : उष्णतेचा विचार करून बांधलेली वेगवान गाडी

इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारची चर्चा शून्य ते शंभरच्या सेकंदांवर सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. आयोनिक ५ एन हा टप्पा ३.४ सेकंदांत गाठते, तोही 'एन ग्रिन बूस्ट'चं, म्हणजे थोड्या वेळापुरती जादा ताकद देणारं, बटण दाबल्यावर. पॉर्शे टायकान टर्बो जीटीला २.३ सेकंद पुरतात. पण एकदाच शंभर गाठणं कोणत्याही मोठ्या बॅटरीला जड जात नाही. चालकासह २,३०० किलो भरणारी गाडी शंभरच्या वेगात असताना तिच्यातली गतिज ऊर्जा जेमतेम पाव युनिट असते, आणि या गाडीची बॅटरी ८४ युनिटची, म्हणजे ८४ किलोवॉट-तासांची आहे. दहाव्या, विसाव्या वेळीही तीच ताकद मिळते का, हे पाहायला हवं. बऱ्याच वेगवान इलेक्ट्रिक गाड्या तिथे मान टाकतात. एनचं मोल तिथेच कळतं.

हिशेब असा. पुढची मोटर १६६ किलोवॉट, मागची २८२, मिळून ४४८. बूस्टमध्ये १० सेकंदांपुरते ४७८. सलग ४४८ किलोवॉट ओढत राहिलं तर बॅटरी सव्वाअकरा मिनिटांत रिकामी होईल. त्यातली फक्त पाच टक्के ऊर्जा उष्णतेत गेली असं धरलं तरी बॅटरी, इन्व्हर्टर (बॅटरीचा डीसी प्रवाह मोटरींसाठी एसी करणारा भाग) आणि मोटरी यांना मिळून २२ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. दोन किलोवॉटचे अकरा हीटर एकदम चालू असावेत तितकी! शिवाय करंट दुप्पट झाला की तारांमधली आणि सेलमधली उष्णता चौपट होते. तापमान मर्यादेजवळ गेलं की सॉफ्टवेअर ताकद कापतं. पेडल तळाला टेकलेलं असतं आणि गाडी मात्र सुस्तावते. चार्ज फार खाली गेला तरी हेच होतं, कारण सेलचं व्होल्टेज उतरलेलं असतं. तिथे कूलिंग कितीही चांगलं असून उपयोग नसतो.

यावर ह्युंदाईने दिलेली उत्तरं मेन्यूमध्ये दडलेली आहेत आणि नवा मालक ती सहसा उघडत नाही. 'बॅटरी प्रीकंडिशनिंग'मध्ये ड्रॅग आणि ट्रॅक असे दोन पर्याय आहेत. ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी, बॅटरी गरम केली जाते, कारण गरम सेलचा अंतर्गत रोध कमी असतो आणि एका झटक्यात जास्त ताकद निघते. ट्रॅकसाठी तीच बॅटरी त्यापेक्षा थंड ठेवली जाते, म्हणजे मर्यादा गाठेपर्यंत जास्त फेऱ्या हाती राहतात. 'एन रेस'मध्ये स्प्रिंट आणि एंड्युरन्स आहेत. एंड्युरन्स कमाल ताकदीला थोडी मुरड घालतं आणि ती जास्त वेळ टिकवतं. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेवर, म्हणजे सुमारे २०.८ किलोमीटरच्या ट्रॅकवर, ताकद न घटता दोन फेऱ्या व्हाव्यात ही कंपनीने मानलेली कसोटी आहे. पेट्रोल गाडीच्या मानाने दोन फेऱ्या थोड्या वाटतील, पण सव्वादोन टनांच्या पाच आसनी गाडीसाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता खोट्या गिअरांविषयी. 'एन ई-शिफ्ट' आठ गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची नक्कल करतं: गिअर बदलताना हलका झटका, चुकीच्या गिअरात ताकदीचा अभाव, आरपीएमची मर्यादा आली की अडखळणं, खालच्या गिअरात इंजिन ब्रेकिंगसारखी ओढ. सोबत स्पीकरमधून आवाज. कागदावर हे हास्यास्पद वाटतं, आणि घड्याळ लावलं तर गाडी याच्याशिवायच जास्त वेगवान आहे. तरीही या गाडीतली सर्वांत उपयुक्त सोय हीच आहे. इलेक्ट्रिक गाडीत वळणाकडे येताना वेगाचा अंदाज देणारं काहीच नसतं. ८० आणि ११० यांतला फरक कानाला कळत नाही, म्हणून नजर वळणावरून उचलून स्पीडोमीटरवर न्यावी लागते. तिसऱ्या गिअरातला विशिष्ट सूर ऐकू आला की वेग किती हे न पाहता कळतं. ब्रेक कुठे सोडायचा आणि पेडल कुठे दाबायचं याची लय शरीरात बसते. ट्रॅकवर पहिल्यांदा ही गाडी नेणाऱ्याने ई-शिफ्ट चालू ठेवूनच सुरुवात करावी.

ब्रेकिंगची रचना तितकीच विचारपूर्वक आहे. केवळ रीजनवर, म्हणजे मोटरींना जनरेटर करून, ०.६ जी पर्यंत (गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६ पट दराने) वेग कमी होतो. १०० किमी वेगाला याचा अर्थ क्षणभर ३७५ किलोवॉटच्या आसपास ताकद उलटी फिरवणं. पुढच्या ४०० मिलिमीटरच्या डिस्कवरचा केवढा तरी भार त्यामुळे हलका होतो. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही ऊर्जा घ्यायला जागाच नसते. रीजन आखडतं आणि सगळा भार पॅडवर येतो. ट्रॅकवर १०० टक्के चार्ज करून जाणं म्हणूनच चूक आहे. ९० टक्क्यांच्या जवळपास ठेवावं.

वजनाला मात्र उपाय नाही. सॉफ्टवेअर ते लपवतं, मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल गाडीला वळणात ओढून नेतं, पण २७५/३५ आर२१ टायरांना सगळं सोसावं लागतं. पुढच्या टायरची बाहेरची कड आधी झिजते. गरम झाल्यावर दर १० अंश सेल्सिअसला हवा साधारण दीड पीएसआयने वाढते, म्हणजे टायर ४० अंशांनी तापला तर सहा पीएसआय जास्त. थंड असताना कमी हवा ठेवून सुरुवात करावी, दोन फेऱ्यांनंतर गरम दाब मोजून हवा सोडावी, आणि घरी निघण्याआधी टायर थंड झाल्यावर ती पुन्हा भरावी. ही शेवटची पायरी विसरली जाते आणि परतीच्या हायवेवर टायर कमी हवेवर धावतात.

रोजच्या वापरात किंमत मोजावी लागते ती रेंजमध्ये. डब्ल्यूएलटीपी या युरोपातल्या प्रमाणित चाचणीत एन ४४८ किमी जाते. तितक्याच ८४ युनिटची, फक्त मागच्या चाकांना मोटर असलेली साधी आयोनिक ५ मात्र ५७० किमीपर्यंत. रुंद टायर, जादा वजन आणि दोन मोटरी यांचा हा फरक. हायवेवर वेग वाढवला की हवेचा रोध वर्गाच्या पटीत वाढतो, तेव्हा दोन्ही आकडे खाली येतात. चार्जिंग ही जमेची बाजू: ३५० किलोवॉटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत, पण बॅटरी कोमट असेल तरच, थंडगार किंवा फार तापलेली नको. ट्रॅकवर ऊर्जेचा खर्च रस्त्याच्या तीन ते पाचपट होतो, आणि तिथे ११ किलोवॉटचा एसी पॉइंट एवढंच असेल तर १० ते ८० व्हायला साडेपाच तास लागतात. जिथे जाणार तिथे किंवा जवळ डीसी चार्जर आहे का, हे ट्रॅकचे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.

मग अशी गाडी कोणासाठी? पॉर्शेच्या टर्बो जीटीने वायसाख या वजन घटवणाऱ्या पॅकेजसह नॉर्डश्लाइफे ७ मिनिटं ७.५५ सेकंदांत पार केली, पण त्यासाठी मागच्या सीट काढून टाकल्या. रिमॅक नेव्हेरा या इलेक्ट्रिक हायपरकारने ताशी ४१२ किमी वेग गाठला. तो वापरायला लांबलचक चाचणी ट्रॅकच लागतो. एनमध्ये पाच माणसं बसतात, सामान मावतं, आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर २० मिनिटांची तीन-चार सत्रं होतात. हा उपयोग ज्याला आहे त्याच्यासाठी ही निर्विवाद उत्तम खरेदी आहे. ट्रॅकवर कधीच जायचं नसेल तर साधी आयोनिक ५ घ्यावी. ओव्हरटेकिंगसाठी तिची ताकद पुरून उरते. आणि ज्याला हलक्या गाडीचा चपळपणा हवा आहे त्याचं समाधान आजच्या बॅटऱ्यांच्या वजनात होणार नाही.

ट्रॅकवर नेण्याआधी ब्रेक ऑइल बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा १५५. रीजनमुळे पॅड वर्षानुवर्षं नवे दिसतात, म्हणून ऑइलकडे कोणाचं लक्षच जात नाही, आणि नेमकं तिथेच ऑइल उकळून पेडल मऊ पडतं आणि पाय तळाला जातो. सत्र संपताना शेवटची फेरी सावकाश घ्या, थांबल्यावर हँडब्रेक लावू नका, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून राहतात. गाडी 'पी' (पार्क) वर ठेवून चाकांना अडण लावा. बॅटरीचं तापमान पडद्यावर खाली उतरताना दिसेपर्यंत डीसी चार्जर जोडू नका. तापलेली बॅटरी पूर्ण वेगाने चार्ज घेतच नाही.