कॅसल बनवायचाय? किट मागवू नका, बोहरी आळीत जा

भाचीला डिस्नीलँडवाला कॅसल पाहिजे होता, गुलाबी भिंती निळी छपरं तोच. ऑनलाईन किट बघितले, लेझर कट एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) तुकडे, खाचेत खाच घातली की झालं, आणि मग सगळ्यांच्या घरी एकच कॅसल. त्यात काय मजा. म्हणून सामान आणायला पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, तर हा त्या आळीचा रिव्ह्यू समजा.

माल भरपूर आहे. फोम शीट, माउंट बोर्ड, ग्लू गनच्या कांड्या, बारीक लायटींच्या माळा, मोती, लेस, सगळं पाच मिनिटांच्या चालीत, आणि मॉलमधल्या हॉबी शॉपच्या मानाने बरंच स्वस्त. पण बरीच दुकानं होलसेल आहेत, एक-दोन नग मागितले की काही जण सरळ मान हलवतात. एका काउंटरवर तर मला "डझन घ्या नाहीतर पुढे बघा" असं ऐकवलं. पुढे बघितलं, शेजारीच सुटं मिळालं :) शेवटी फोम शीटचं अख्खं पाकीट दोघी मैत्रिणींनी वाटून घेतलं, ते बेस्ट पडतं.

पण एक सांगते, जाताना चित्र काढून आणि मापं लिहून न्या, नाहीतर नुसती चमचम घेऊन घरी याल. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमधला तो 1955 चा मूळ कॅसल आहे फक्त 77 फूट, फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डमधला 189 फूट आहे म्हणजे त्याच्यापुढे हा पिटुकलाच, तरी खालून बघितलं की उंच वाटतो कारण भिंतीतले दगड खाली मोठे आणि वर जाताना बारीक होत गेलेत. फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. आपण दिवाळीच्या किल्ल्यावर मोठे मावळे पायथ्याला आणि बारके वरती ठेवतो ना, तेच की! मी दोन फुटांच्या मॉडेलवर दगडांच्या रेघा वर जाताना लहान करत नेल्या, खिडक्या पण, आणि वरचे बुरूज बारीक नळीचे केले. फरक कळतो खरंच. नळ्यांना पैसे घालवू नका, लक्ष्मी रोडच्या कापडवाल्यांकडे ठाणाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडून असतात, मागितल्या की बहुतेक वेळा देतात.

थर्माकोल विचारू नका, 2018 पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे, आणि तसाही तो या कामाला बेकार, स्प्रे पेंट मारला की विरघळतो आणि ग्लू गनने भोकं पडतात. माउंट बोर्ड आणि फेविकॉल, बास. छपरांचे शंकू कार्डशीटचे.

रंग आणि कागद मात्र अप्पा बळवंत चौकातून घ्या, शेड्स जास्त मिळतात. मी मागच्या पडद्याला घोटीव कागद कापून चिकटवला, ती आयडिया डिस्नीलँडमधल्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' या बोटीच्या राईडवरून घेतली. डिस्नीच्या चित्रकार मेरी ब्लेअर या बाईंनी त्याचं डिझाईन केलं होतं, 1964 च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी, सगळे सपाट रंग आणि त्रिकोण-गोल, शेडिंगची भानगडच नाही. ज्यांना चित्र येत नाही त्यांच्यासाठी वरदान आहे हे, कात्री चालली की झालं.

गाडी नेऊ नका प्लीज, पार्किंग शोधण्यातच जीव जातो. मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत या, हातात मोठी कापडी पिशवी ठेवा, माउंट बोर्ड मात्र तिथेच अर्धा कापून घ्या, गर्दीत अख्खा शीट दुमडतोच.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार त्या डझनवाल्यामुळे गेला. आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात चुकूनही जाऊ नका, तेव्हा सगळी पेठ मखराच्या सामानासाठी तिथेच असते आणि तुमच्या कॅसलकडे बघायला कोणाला वेळ नसतो.